अकरा शाळांनी ऐकलेला बेडूक

शशिकांत गुरुजी माझ्या घरी आले तेव्हा सुंदराला जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत ते एकदाही फिरकले नव्हते. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. कर्जतहून आमचं कुंभेगाव गाडीने वीस मिनिटांवर आहे. आता आले ते पांढऱ्या शर्टात, एका हातात प्लास्टिकची फाइल आणि दुसऱ्या हातात अर्धा डझन केळी घेऊन. केळी सुंदराच्या फोटोपुढे ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. असल्या वेळी माणसं जेवढा वेळ डोळे मिटतात, बरोबर तेवढाच वेळ मिटले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले,

"सदूभाऊ, बाईंसारखी शिक्षिका पुन्हा होणे नाही. चहा बिनसाखरेचा चालेल."

चहाचं मी विचारलं नव्हतं.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होती. मी नववीपर्यंत शिकलो आणि रसायनीला कारखान्यात पाळ्या केल्या. त्यामुळे गुरुजी लोक माझ्याशी जरा सावकाश बोलतात, मला समजावं म्हणून. शशिकांत गुरुजी तर विस्तार अधिकारी होऊन निवृत्त झालेले. ते प्रत्येक शब्दानंतर थांबत होते.

"पुढच्या रविवारी आपलं प्रदर्शन आहे. 'शाळेतला रेडिओ'. तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. निवृत्त शिक्षकांच्या मंडळाने ते काढलं होतं. शाळांना वाटलेले जुने रेडिओ, जुने टीव्ही, फोटो, आणि एक स्मरणिका. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत गुरुजी. वस्तू गोळा करायचं काम सोनाली नावाची मुलगी करत होती. ती कॉलेजात शिकवते आणि शाळांच्या रेडिओ-टीव्हीवर काहीतरी अभ्यास करते आहे. माझ्या मुलीकडून, श्रद्धाकडून, तिने सुंदराची रेडिओची वही नेली होती.

"त्या वहीतलं एक पान जरा अडचणीचं आहे," गुरुजी म्हणाले.

कोणतं ते मला विचारावं लागलं नाही.

ते पान कळायचं तर थोडं मागचं सांगावं लागेल. आमच्या भागात शाळांना रेडिओ मिळाले तेव्हा भाषण झालं होतं की आता खेड्यातलं मूल शहरातल्या मुलाच्या बरोबरीला येणार. मुंबईहून दुपारी वीस मिनिटांचा पाठ लागायचा. कधी विज्ञान, कधी इतिहास, कधी गाणी. कोणत्या तारखेला कोणता पाठ, याची छापील पुस्तिका टपालाने यायची. गुरुजींनी पाठ मुलांना ऐकवायचा आणि अहवाल लिहायचा. मुलं किती होती, आवाज नीट आला का, मुलांना काय आवडलं. अहवाल केंद्रशाळेत गोळा व्हायचे आणि तिथून वर जायचे.

प्रत्यक्षात पद्धत अशी पडली की रेडिओ ऐकायचा नाही, अहवाल तेवढा लिहायचा. रेडिओ हेडमास्तरांच्या घरी, क्रिकेटसाठी. महिनाअखेरीला पुस्तिका उघडायची आणि एकेका तारखेपुढे लिहीत जायचं. 'पाठ स्पष्ट ऐकू आला. मुलांना आनंद झाला.' आनंद किती झाला तेही ठरलेलं. विज्ञानाला नुसता आनंद, गोष्टीला खूप आनंद. महापुरुषाची जयंती असेल तर मुलं भारावून जायची.

मग टीव्ही आला. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप. एका शाळेतला मी स्वतः पाहिला आहे. दरवर्षी दसऱ्याला तो बाहेर काढायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे, पोरांना त्याच्या पाया पडायला लावायचे आणि पुन्हा कोंडून ठेवायचे. नऊ दसरे त्याने असे घेतले आणि एक पाठ दाखवला नाही. दहाव्या वर्षी मागचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी बाळंतपण केलं होतं. पुढे छपरावर डिशची तबकडी आली. तिच्यात पाणी साचून डास झाले. कोरोनात पुन्हा टीव्हीवर शाळा भरली. आमच्या शेजारच्या चिंधीच्या नातवंडांना सांगितलं, टीव्हीसमोर बसा आणि फोटो पाठवा. त्या दिवशी लाइट नव्हती. पोरं काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसली, फोटो गेला, त्याच्यावर वरून शेरा आला, 'उत्स्फूर्त प्रतिसाद'. पन्नास वर्षांत यंत्रं चार बदलली. अहवाल बदलला नाही.

सुंदरा हे करत नव्हती. त्यामागे काही मोठं तत्त्व नव्हतं, तिला रेडिओ आवडायचा. नोकरीला लागली तेव्हा शाळेतला रेडिओ खोक्यातच होता. तिने तो काढला. माथेरानचा डोंगर आडवा असल्यामुळे मुंबई खरखरत यायची, म्हणून शाळेमागच्या चिंचेला तार बांधायची ठरली. बांधायला मी.

"अजून वर चढा," ती खालून म्हणाली.

"अगं, पुढं फांदी नाय!"

"मग हायेत तिथंच थांबा. तुमी तारेला हात लावला की झकास येतंय." आणि पोरांना म्हणाली, "आजपासून काका सोमवारी न् बुधवारी झाडावर बसणार रं."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी पाळीवर जायचो म्हणून सुटलो.

ती वहीत खरं जे झालं ते लिहायची आणि तेच वर पाठवायची. 'खरखर. निम्मं कळलं.' 'सेल संपले, धडा मीच वाचला.' 'पाठ कंटाळवाणा. कमळ्या झोपला, मीही झोपले असते.' केंद्रशाळेत अहवाल गोळा करायचं काम तेव्हा शशिकांत गुरुजींकडे होतं. ते तिला म्हणायचे, "बाई, कमळ्या झोपला हे वर कशाला कळवता?"

"बनवणाऱ्यांना कळायला नको का गुरुजी? पुढच्या वेळी बरा बनवतील."

"कोणी वाचत नाही हो."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

मग तो दिवस आला. साल लिहीत नाही. गेलेल्या माणसाचा यात दोष नाही. दिल्लीतले एक मोठे पुढारी सकाळी वारले. रेडिओने नेहमीचे सगळे कार्यक्रम थांबवले आणि दिवसभर दुखवट्याची सारंगी लावली. सुट्टीचा हुकूम आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोहोचला, त्यामुळे त्या दिवशी शाळा भरलेल्या होत्या. पुस्तिकेप्रमाणे त्या दुपारचा पाठ होता 'बेडूक'. सुंदराने रेडिओ लावला तर सारंगी. पोरं विचारायला लागली, बाई, बेडूक कधी येणार? मधे बातमी सांगितली तेव्हा तिला कळलं. तिने पोरांना सांगितलं, मोठं माणूस गेलं, आज बेडूक नाही. पोरं वीस मिनिटं गप्प बसली. तिने अहवालात एवढंच लिहिलं.

महिनाअखेरीला आमच्या केंद्रातल्या बाकी अकरा शाळांनी पुस्तिका उघडली. तारीख कसली होती हे अकरांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, कारण अहवाल लिहिताना दिवस आठवायची सवयच नव्हती. अकरा शाळांत बेडूक स्पष्ट ऐकू आला. शशिकांत गुरुजींनी केंद्रशाळेचा अहवाल लिहिला, त्यात जरा जास्तच रंग भरला. 'बेडकाच्या आवाजावर मुले पोट धरून हसली.' देशभर दुखवटा होता आणि यांची मुलं पोट धरून हसत होती.

जिल्ह्याला कोणी कारकून कागद जुळवत बसला होता. त्याला अकरा बेडूक आणि एक सारंगी दिसली. रेडिओ त्यानेही ऐकला नसावा. त्याने खुलासा मागवला. आता खरं बाहेर आलं तर अकरा जणांना कबुली द्यावी लागणार होती. त्यापेक्षा एकीला खोटं पाडणं सोपं होतं. केंद्रशाळेत चौकशी बसली. सुंदराने सांगितलं, "त्या दिवशी रेडिओवर काय होतं ते नाक्यावरच्या चहावाल्याला विचारा. गावातल्या कोणालाही विचारा." सगळ्यांना माहीत होतं. ज्याने चौकशी केली त्यालाही माहीत होतं. अकरा जण पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले आणि त्या वेळचे विस्तार अधिकारी म्हणाले,

"बाई, अकरा शाळांनी ऐकलेला बेडूक खोटा कसा असेल?"

तिच्या सेवापुस्तकात शेरा पडला की रेडिओ योग्य केंद्रावर न लावल्याने विद्यार्थी पाठापासून वंचित राहिले. वर बदली, कळकवाडीला. खोपोलीहून एसटी आणि मग दीड तास डोंगर चढून ठाकर आदिवासींची वस्ती. श्रद्धा तेव्हा दोन वर्षांची होती.

चौकशीच्या टेबलावर अकरा अहवाल पडले होते. सुंदराने तिथेच बसून ते आपल्या वहीत उतरवून घेतले, शाळेच्या आणि सही करणाऱ्याच्या नावासकट. सारंगी आणि अकरा बेडूक एकाच पानावर. गुरुजींची अडचण ती होती.

"सोनाली म्हणते, घरच्यांनी लिहून दिल्याशिवाय पान झाकणार नाही," गुरुजी म्हणाले. "आजकालची मुलं फार नियम सांगतात. मी मजकूर टाइप करूनच आणलाय. तुम्ही फक्त सही करा."

कागदावर लिहिलं होतं की सदर पान कौटुंबिक कारणास्तव प्रदर्शित करू नये.

"कौटुंबिक कारण कुठलं?" मी विचारलं.

"तसं लिहावं लागतं."

मग त्यांनी स्मरणिकेतला आपला लेख मला कौतुकाने वाचायला दिला. 'त्या शोकाकुल दुपारी आमच्या केंद्रातील बाराही शाळांतील चिमुकली रेडिओसमोर स्तब्ध उभी राहिली. सारंगीचे ते सूर आजही माझ्या कानांत घुमतात.' मी दोनदा वाचलं. चाळीस वर्षांपूर्वी ती दुपार खोटी ठरवून त्यांनी सुंदराला डोंगरावर धाडलं होतं. आता तीच दुपार त्यांना स्वतःसाठी हवी होती.

"गुरुजी, तुमची पोरं तर हसत होती."

"जुन्या गोष्टी आहेत सदूभाऊ. अकरांतले सात जण गेले. त्यांच्या सुना, नातवंडं येणार प्रदर्शनाला. मेलेल्या माणसांची अब्रू काढून काय मिळणार?"

"मेलेली तर ही बी हाय."

"म्हणूनच बाईंचा मरणोत्तर सत्कार ठेवलाय. शाल तुम्ही घ्यायची."

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. त्यांना राग आला नाही. त्यांनी फाइलमधून दुसरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जुन्या पत्राची झेरॉक्स. 'माझ्याकडून रेडिओ चुकीच्या केंद्रावर लागला व मी चुकीचा अहवाल दिला. झाल्या चुकीबद्दल मी क्षमा मागते.' खाली सुंदराचं नाव.

"पान लागलं तर हेही शेजारी लावावं लागेल. दोन्ही बाजू नकोत का? बाईंनीच लिहून दिलेलं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. ते पत्र कोणी लिहिलं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोन्ही माझ्या घरात बसून चहा पीत होती.

कळकवाडीच्या दुसऱ्या पावसाळ्यात सुंदरा उतारावर घसरली. उजवं मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. तिचे रजेचे अर्ज मी लिहायचो आणि तिच्यादेखत तिची सही मीच करायचो. एक दिवस तिला न सांगता मी कर्जतला शशिकांत गुरुजींकडे गेलो. म्हटलं, काहीही करा, पण तिला खाली आणा. ते म्हणाले, माफीनामा द्या, मी बघतो. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

"सही बाईंची लागेल."

"तिचा हात प्लास्टरमधी हाय."

"रजेच्या अर्जावर कोण करतं?"

"ती सांगते नि मी करतो."

"मग तशीच करा. कोण बघतंय?"

मी केली. पंधरा मिनिटांचं काम. त्या दिवशीही चहा झाला होता.

दीड महिन्यात बदलीचा हुकूम आला, गावाजवळच्या शाळेत. सुंदराने तो डाव्या हातात धरून वाचला. उजव्या मनगटात अजून जोर नव्हता. मला म्हणाली, "बघितलंत? मी एक अक्षर मागं घेतलं नाय. तरी आणलं का नाय त्यांनी?"

मी म्हटलं, व्हय.

तेवढ्या एका शब्दावर चाळीस वर्षं गेली. नवी शिक्षिका शाळेत आली की सुंदरा तिला ही गोष्ट सांगायची. श्रद्धाला तर पाठ होती. सेवापुस्तकातला शेरा काढावा म्हणून तिने तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही आणि येणारही नव्हतं, कारण फाइलमध्ये माफी होती. हे मला माहीत होतं. दर वेळी अर्ज मी स्वतः पोस्टात टाकून यायचो. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही तिने सांगितलं, मी एक अक्षर मागं घेतलं नाही. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभा होतो.

शशिकांत गुरुजींना मी आयुष्यभर मनात शिव्या घातल्या. त्यांनी न ऐकलेल्या पाठाचा अहवाल लिहिला. मी बायकोने न मागितलेली माफी लिहिली. त्यांच्यापेक्षा मी बरा कसा, ते मला शोधून काढता आलं नाही.

"रविवारपर्यंत विचार करा," असं म्हणून गुरुजी उठले. चहा सगळा पिऊन.

शनिवारी दुपारी मी श्रद्धाकडे गेलो. ती शिळफाट्याला राहते आणि तिथल्याच एका इंग्रजी शाळेत शिकवते. कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, खाली मान घालून. तिचे हात थांबले.

"आईला कळलं होतं?"

"नाय."

"कधीच?"

"नाय."

तिने एक टॉवेल उचलला. मग म्हणाली, "सही करून टाका त्या कागदावर. पान नको, पत्र नको, काही नको."

"अगं, पान काढलं की तुझी आई बी त्या अकरांत जाऊन बसली. तो लिवतोय, बाराही शाळा उभ्या राहिल्या. आनि पान ठेवलं तर तो माफी लावतोय. आता ती माझी हाय म्हणून सांगायलाच पायजे."

"आणि लोक काय समजतील? की आईला कोणी मानाने परत आणलंच नव्हतं. तिच्या नावाने माफी मागून तिला आणली. बाबा, तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. चौतीस वर्षांत तेवढी एकच. ती तरी तिच्याकडे राहू द्या."

"ती खरी नव्हती गं."

"तिच्यासाठी होती ना! खोटी कोणी केली?" तिने हातातला टॉवेल पलंगावर टाकला. "तुम्हाला तुमचं मन हलकं करायचंय. आई गेली, आता ओरडायला कोणी नाही, म्हणून सांगायला निघालात."

तसं असेलही. मी चपला घातल्या आणि निघालो.

रविवारी कर्जतच्या हॉलमध्ये गर्दी चांगली होती. लांब टेबलांवर रेडिओ मांडले होते, प्रत्येकाला हळदकुंकू लावलेलं. बाहेर स्मरणिकेचे गठ्ठे. भिंतीजवळ काचेच्या पेटीत सुंदराची वही, त्याच पानावर उघडलेली, आणि तिच्या शेजारी माफीचं पत्र. वर छापील चिठ्ठी, 'दुसरी बाजू'. लोक आधी पान वाचायचे, मग पत्र, मग हं करून पुढे जायचे. एक जण बायकोला म्हणाला, "म्हणजे हिनंच घोळ घातला होता." सोनाली माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, हे पत्र सकाळी लावलं त्यांनी. मला माहीत नव्हतं. बाईंनी खरंच लिहिलं होतं?"

"थोडं थांब," मी म्हटलं.

भाषणं झाली. शशिकांत गुरुजी सारंगीबद्दल बोलताना घशाशी हात नेऊन थांबले. समोरच्या रांगेतल्या दोघांनी रुमाल काढले. मग सुंदराचं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो, गुरुजींनी शाल उघडली. मी शाल घेतली नाही, माइक घेतला.

"तिथं पेटीत माफीचं पत्र लावलंय," मी म्हटलं. "ते माझ्या बायकोचं नाय. ते मी लिवलंय. सही बी मीच ठोकली. तिचा उजवा हात त्या वक्ताला मोडलेला होता. तिला ठावंच नव्हतं."

गुरुजी माइककडे वाकले. "सदूभाऊ जरा भावनाविवश झाले आहेत. आपण समजू शकतो..."

"गुरुजींनी सांगितलं नि मी लिवलं. यांच्याच घरात."

"हा आरोप आहे!" गुरुजी ओरडले. माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच ते भराभर बोलले. "चाळीस वर्षांनी? पुरावा काय? मी त्या केंद्रशाळेत हयात काढली. आमची मुलं त्या दिवशी रेडिओसमोर उभी होती, विचारा कोणालाही!"

तिसऱ्या रांगेत अंबूबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, आमच्याच केंद्रातल्या, अकरांपैकी एक. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात.

"काय विचारतायत गं? रेडिओचं?" त्यांनी शेजारणीला विचारलं. तिने कानात सांगितलं. अंबूबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "अहो शशिकांत गुरुजी, माझ्या शाळेत रेडिओ कुठे होता? आलाच नव्हता शेवटपर्यंत. तुम्हीच म्हणालात, पुस्तिका आली आहे ना, मग लिहा. मी लिहिलं. बेडूक का काय ते."

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. अंबूबाईंना हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. "खरं सांगतेय हो," त्या म्हणाल्या. सूत्रसंचालकाने घाईने चहा आणि बटाटेवड्याची सूचना केली. लोक उठले. सत्य-असत्य जे काही असेल ते सोडून सगळे वड्यांच्या रांगेत लागले, गुरुजीही. माझ्याशी कोणी बोललं नाही. दोघा जुन्या शिक्षकांनी मला बघून रांग बदलली.

सोनाली एक कोरं कार्ड घेऊन आली. म्हणाली, "काका, जे बोललात ते लिहून द्याल? त्या पत्राखाली लावते. अध्यक्ष काय म्हणतील ते मी बघते."

मी पेटीच्या काचेवरच कार्ड ठेवून लिहिलं. 'वरचं पत्र मी लिहिलं आहे. सही मी केली आहे. सुंदराने माफी मागितली नाही. मी हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.' खाली माझं पूर्ण नाव, सदाशिव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव.

मान वर केली तर श्रद्धा समोर उभी. ती कधी आली मला माहीत नाही. तिने समोरूनच उलटं कार्ड वाचलं.

"शेवटची ओळ खोडा," ती म्हणाली.

"कंची?"

"सांगितलं नाही ती. बाकी राहू द्या. तिचं नाव साफ झालं ना? मग ही ओळ लोकांना कशाला? लोक म्हणतील, बिचारी उगाचच मिरवत होती."

मी पेन हातात धरून उभा राहिलो. ओळ लहान होती. खोडली असती तर पत्र खोटं ठरत होतं, सुंदरा खरी ठरत होती, आणि मीही बायकोसाठी हात काळे करणारा नवरा म्हणून सुटत होतो. अहवाल चांगला झाला असता.

"नाय खोडत," मी म्हटलं.

श्रद्धाने पेटीतल्या वहीकडे एकदा पाहिलं. मग मागे वळली आणि वड्यांच्या रांगेतून वाट काढत बाहेर रिक्षा स्टँडकडे गेली. मी हाक मारली नाही.

प्रदर्शन आणखी दोन दिवस होतं. स्मरणिका गुरुजींच्या लेखासकट वाटली गेली. कार्ड काढायला त्यांनी माणूस पाठवला, सोनालीने काढू दिलं नाही. दोन्ही दिवस मी सकाळी जाऊन पेटीशेजारी खुर्ची टाकून बसलो. फार लोक आले नाहीत. जो कोणी वाकून वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा, त्याला मी सांगायचो, सदाशिव तो मीच.

श्रद्धाचा फोन अजून आलेला नाही.